खानेसुमारीचा रकाना

भोपाळच्या भेल कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानी आणि गोविंदपुरा यांच्या शेजारी, बरखेडा नावाचा जो भाग आहे, त्याच्या रुंद आणि सावलीच्या रस्त्यांवरून आज कुणी दिवेलागणीच्या वेळी चालू लागला, तर त्याला प्रथम जाणवते ती माणसांची उणीव. ओळीने उभ्या असलेल्या क्वार्टरांपैकी कित्येकांची दारे निखळली आहेत, खिडक्यांतून आतला अंधार तेवढा दिसतो, आणि ज्या गच्चीवर आम्ही पोरे उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणे टाकून निजत असू, तिच्या कठड्यातून पिंपळाचे रोप हातभर वर आले आहे. माझे बालपण या क्वार्टरांत गेले. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे चिमुकले अंगण, आणि एवढ्या जागेत आम्ही आठ माणसे: आईवडील, आम्ही चार भावंडे, आजी, आणि शिक्षणासाठी अमरावती जिल्ह्यातील आमच्या गावाहून आलेला एक चुलतभाऊ. शेजारच्या घरांत याहून कमी माणसे क्वचितच असत. त्या क्वार्टरांत वाढलेल्या माझ्या पिढीला बहुधा दोन-दोन मुले झाली. आता त्या मुलांना एकेक मूल आहे, आणि ती पुण्यात, बंगळुरात किंवा त्याहूनही दूर राहतात.

आणि तरीही हेच भोपाळ सर्व बाजूंनी फुगत चालले आहे. अवधपुरी, साकेतनगर, कोलार रस्ता, जिथे आमच्या लहानपणी शेते होती तिथे आज इमारतींच्या रांगा आहेत. लोकसंख्येच्या प्रश्नावर जे उद्वेगाने बोलतात, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच दृश्य असते: रस्त्यावरची दाटी, रेल्वेतील रेटारेटी, टँकरभोवतीची झुंबड. या दाटीचे कारण ते एका शब्दात सांगतात, आणि तो शब्द म्हणजे ‘जन्म’. परंतु ज्या गावात घरे रिकामी होत आहेत आणि शहर भरत आहे, त्या गावात राहून हा हिशेब जरा बारकाईने तपासावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

खानेसुमारीचे आकडे काय सांगतात ते पाहावे. १९५१ साली भोपाळ शहराची वस्ती अवघी एक लाखाच्या आसपास होती. २०११ साली ती जवळजवळ अठरा लाख झाली. म्हणजे साठ वर्षांत ती सतरा पटींहून अधिक झाली. याच साठ वर्षांत भारताची लोकसंख्या सुमारे ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेली, म्हणजे सव्वातीन पटींहून थोडी अधिक झाली. भोपाळ केवळ देशाच्या वेगाने वाढले असते, तर २०११ साली तेथे साडेतीन लाखांच्या आत माणसे असती. उरलेली चौदा लाखांहून अधिक वस्ती कोठून आली? शहराची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावे तिच्यात आली, हा त्यातील एक भाग. पण मुख्य भाग असा की माणसे आली, त्यांना आणण्यात आले, आणि पुढे त्यांची मुलेबाळे इथलीच झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची स्थापना झाली आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातील दप्तरे गाड्यांत भरून इकडे आली आणि त्या दप्तरांमागोमाग अनेक मराठी कारकुनांचे संसारही आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स (आजचे भेल) या सरकारी कंपनीची स्थापना झाली, इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने कारखाना उभा राहिला, आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. माझे वडील त्याच वर्षी इथे आले. शहर मोठे झाले ते कुणा कुटुंबात सहावे मूल जन्मले म्हणून नव्हे; राज्य, कारखाना आणि मंडी यांनी साऱ्या मुलखातील माणसे एका ठिकाणी ओढून घेतली म्हणून. रिकामे पडलेले क्वार्टर आणि शेजारची तुडुंब भरलेली वस्ती ही दोन्ही एकाच ओढीची चिन्हे आहेत. काम जिकडे सरकले, तिकडे माणूस सरकला.

यावर कुणी म्हणेल की माणूस जन्माने वाढो की स्थलांतराने, पाणी तर तेवढेच आहे. हा आक्षेप रास्त आहे, आणि भोपाळसारख्या तळ्याच्या गावात तर त्याला विशेष वजन आहे. परमार राजा भोज याने अकराव्या शतकात कोलांस नदीला बांध घालून जे मोठे तळे निर्माण केले, त्याच्या पाण्यावर हे शहर शतकानुशतके जगले. पूर्ण भरले की त्याचा विस्तार सुमारे ३१ चौरस किलोमीटर होतो, आणि पाण्याची पातळी १६६६.८० फुटांवर पोहोचली की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. भोपाळच्या माणसाला स्वतःच्या घराचा क्रमांक एखादे वेळी आठवणार नाही, पण पावसाळ्यात हा आकडा तो विसरत नाही. श्रावण-भाद्रपदात दरवाजे उघडल्याची वार्ता आली की घरातली सारी माणसे ते पाणी पाहायला जातात, आणि आम्हीही वडिलांच्या सायकलीच्या दांडीवर बसून पाळीपाळीने गेलो आहोत. पुढे हे तळे पुरेना. मग कोलार नदीवरच्या धरणाचे पाणी आणले गेले. तेही पुरेना, तेव्हा साठ-सत्तर किलोमीटरांवरून नर्मदेचे पाणी पंपांनी चढवून आणले गेले. एका लाखाचे शहर जे पाणी दाराशी वाकून भरून घेत असे, त्यासाठी अठरा लाखांच्या शहराला डोंगर ओलांडावे लागले. २००२ साली रामसर कराराखाली जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून या तळ्याची नोंद झाली. पण नोंद झाली म्हणून त्याच्या काठावरची बांधकामे थांबली नाहीत, आणि नाले त्यात मिसळायचे राहिले नाहीत.

तेव्हा साधनसंपत्तीला मर्यादा आहे, ही गोष्ट कुणी नाकारू नये. परंतु मर्यादा कुणी ओलांडली, याची चौकशी केल्यावाचून निकाल देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. याच शहराच्या उत्तरेकडे, १९८४ च्या डिसेंबरातील विषारी वायुगळतीच्या त्या भीषण रात्रीनंतर बंद पडलेल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवती ज्या वस्त्या आहेत, त्यांच्याखालचे भूजल विषारी द्रव्यांनी दूषित झाले, आणि तेथील लोकांना शुद्ध पाणी पुरवावे असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. ते पाणी लेकरांनी पिऊन संपवले नव्हते. त्या विहिरी आणि हातपंप एका कारखान्याच्या कचऱ्याने नासवले, आणि त्याची झळ ज्यांना सोसावी लागली त्यांच्याकडे बोट दाखवून ‘यांची मुले फार’ असे म्हणणारेही या शहरात मला भेटले आहेत. मनुष्याचे डोके मोजणे सोपे असते. त्याने किती पाणी, किती वीज, किती जमीन वापरली हे मोजणे अवघड असते, आणि जे मोजायला अवघड ते हिशेबातून गळते.

धान्याविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढते व अन्न गणितश्रेणीने, हे माल्थस या इंग्रज पंडिताने १७९८ साली मांडलेले सूत्र आमच्या पिढीला शाळेतच पाठ झाले होते. भारतात १९५० च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास धान्य पिकत असे. आज ३३ कोटी टनांच्या वर पिकते. म्हणजे माणसे चौपट झाली आणि धान्य सहापटींहून अधिक झाले. माल्थसचे सूत्र चुकले. तथापि हे धान्य जमिनीखालचे पाणी उपसून आणि खतांचा मारा करून काढलेले आहे, आणि पंजाबातील खोल गेलेली भूजलपातळी पाहिली की हे पीक पुढच्या पिढीकडून घेतलेल्या कर्जावर उभे आहे, हे ध्यानात येते. माल्थस खोटा ठरला म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही.

आता मूळ वादाकडे वळू. हा वाद आपल्या मुलखात सरकारने सुरू केलेला नाही, हे आज बहुतेकांना ठाऊक नसते. तो मुंबईतील एका गणिताच्या प्राध्यापकाने सुरू केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना सुरू केला होता, म्हणजे या एका बाबतीत तरी मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ साली रघुनाथरावांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. हे कार्य सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच पडला तेव्हा त्यांनी १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडली. १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यांच्या पत्नी मालतीबाई या कार्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ साली अशाच एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटल्यात हार झाली, पण एक पिढी पुढे पाहणारी दोन माणसे एकाच बाजूस उभी राहिलेली त्या न्यायालयाने पाहिली.

रघुनाथरावांचे लेखन मी तरुणपणी बरखेड्यातील एका मराठी शेजाऱ्याच्या कपाटात जुन्या अंकांतून वाचले, आणि त्यातील एक गोष्ट माझ्या मनात कायमची रुतून बसली: देशात माणसे फार झाली, हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. स्त्रीला केव्हा मूल व्हावे आणि व्हावे की नाही, हे तिने ठरवावे. तिच्या देहावरील सत्ता तिची आहे. आणि ज्ञान लपवून ठेवणे हा तिच्यावरील जुलूम आहे, हा त्यांचा सिद्धान्त होता. बाबासाहेबांची भूमिकाही याच दिशेची होती. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने साहाय्य करावे असा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला त्यांनी संमती दिली नसती, असा त्यातील युक्तिवाद होता. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. त्याच दशकात, १९३५ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींशी याच विषयावर बोलल्या. गांधीजींचा आग्रह ब्रह्मचर्याचा राहिला आणि दोघांचे एकमत झाले नाही. नंतरच्या काळात रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी पुण्यात आणि खेडोपाडी फिरून हेच कार्य चिकाटीने केले आणि विधिमंडळात व राज्यसभेतही त्याविषयी त्या बोलत राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर सूत्रे सरकारच्या हाती गेली. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो जगातील पहिला देश मानला जातो. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. आरंभीचे प्रयोग निरुपद्रवी होते, म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे तर रंगीत मण्यांच्या माळा देऊन स्त्रियांना दिवस मोजायला शिकवले गेले. मग लाल त्रिकोण आला, ‘हम दो हमारे दो’ आले, तांबी आली, आणि बरोबर एक शब्द आला, ‘लक्ष्य’. तहसीलदाराला लक्ष्य, गुरुजींना लक्ष्य, परिचारिकेला लक्ष्य. ज्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी रघुनाथरावांनी स्त्रीची इच्छा ठेवली होती, त्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आता तक्ता आला. त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्यांचे हेतू वाईट होते असे मला म्हणायचे नाही. दुष्काळ आणि परदेशी गव्हाची जहाजे त्यांनी पाहिली होती. पण तक्त्याला एक स्वभाव असतो: तो भरला गेला पाहिजे.

तो कसा भरला गेला, हे १९७६ साली देशाने पाहिले. आणीबाणीच्या त्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. उत्तरेकडील हकिकती सर्वांना ठाऊक आहेत. परंतु आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्या वर्षाच्या जानेवारीत माणसे रस्त्यावरून उचलून नेण्यात आली, हे मराठी माणसाने विसरू नये. त्याहून विसरू नये अशी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी संमत केलेले विधेयक. तीन अपत्ये असलेल्या दांपत्यापैकी एकाने नसबंदी करून घेणे कायद्याने सक्तीचे करणारे, आणि न करणाऱ्यास कारावासाची शिक्षा सांगणारे हे विधेयक फुले-आगरकरांच्या प्रांताच्या विधानसभेत मंजूर झाले. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, म्हणून त्याचा अंमल झाला नाही. रघुनाथरावांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती. देहावरील ज्या सत्तेसाठी ते भांडले, ती सत्ता पतीकडून काढून सरकारकडे द्यावी, असे त्यांनी कधीही म्हटले नसते.

आमच्या मध्य प्रदेशाची कथा त्यानंतरची आहे आणि ती कमी बोधप्रद नाही. २६ जानेवारी २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीस सरकारी नोकरीसाठी अपात्र ठरवणारा नियम या राज्याने केला, आणि पंचायतीच्या सभासदांनाही हीच अट घातली. महाराष्ट्रानेही त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांना अशी अट लावली. हरियाणातील अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली वैध ठरवले. कागदावर ही अट निर्दोष दिसते: जो पुढारी होऊ पाहतो त्याने उदाहरण घालून द्यावे, यात गैर ते काय? परंतु अटीचे प्रत्यक्ष काय झाले, हे पाहण्याचे काम भोपाळातीलच निर्मला बुच यांनी केले. मध्य प्रदेशाच्या पहिल्या महिला मुख्य सचिव म्हणून राज्याचा कारभार हाकलेल्या या बाईंनी निवृत्तीनंतर पाच राज्यांतील पंचायतींत या अटीचा अभ्यास केला. जे हाती आले ते असे: तिसऱ्या मुलाची चाहूल लागताच पत्नीला टाकून देणारे सरपंच, मूल नातेवाइकाला दत्तक दिल्याचे दाखवणारे सभासद, जन्माची नोंदच लपवणारी कुटुंबे, गर्भपात आणि त्यातही मुलीचा गर्भ असेल तर गर्भपात, आणि ज्यांचे पद गेले त्यांत दलित, आदिवासी आणि मागास वर्गांतील माणसेच फार. नुकत्याच आरक्षणाने पंचायतीच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या स्त्रीला, जिला घरात मुलांच्या संख्येविषयी बोलण्याची मुभा नव्हती, त्याच संख्येबद्दल पद गमवावे लागले. २००५ साली मध्य प्रदेशाने पंचायतींवरील ही अट मागे घेतली. सचिवालयात बसून ज्यांनी असंख्य नियम पाहिले होते, त्यांनीच खेड्यात जाऊन एका नियमाचा शेवट कुठे होतो हे पाहावे, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

तरीही तक्ता सुटला नाही. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना देण्याची तजवीज झाली. २०२० च्या फेब्रुवारीत भोपाळहून असे परिपत्रक निघाले की ज्या आरोग्य कर्मचाऱ्याने वर्षात एकाही पुरुषाची नसबंदी घडवून आणली नसेल, त्याचे वेतन रोखले जाईल व त्याला सक्तीने निवृत्त केले जाईल. ओरड झाली, आणि काही दिवसांतच ते रद्द झाले. या परिपत्रकामागील दुखणे मात्र खरे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली, आणि पुरुषांच्या नसबंदीचा वाटा होता ०.३ टक्का. मध्य प्रदेशात तर निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, स्त्रीची अवघड. आणि केली जाते ती स्त्रीचीच. २०१४ च्या नोव्हेंबरात शेजारच्या छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील दहाहून अधिक दगावल्या. त्यानंतर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. ज्या स्त्रिया त्या दिवशी रांगेत बसल्या होत्या, त्या लोकसंख्येचा प्रश्न सोडवायला आल्या नव्हत्या. घरी ठेवून आलेल्या मुलांना नीट वाढवता यावे, एवढ्यासाठी आल्या होत्या.

आणि आता या साऱ्या वादातील अशी गोष्ट सांगतो, जी पुष्कळ सुशिक्षितांनाही सांगितली तर खरी वाटत नाही. एक स्त्री आयुष्यात सरासरी किती मुलांना जन्म देते, याला जननदर म्हणतात, आणि तो २.१ च्या आसपास आला की एक पिढी आपल्या जागी तेवढीच दुसरी पिढी ठेवून जाते. १९९२-९३ साली मध्य प्रदेशाचा जननदर ३.९ होता, २०१९-२१ मध्ये तो २.० झाला. महाराष्ट्राचा याच काळात सुमारे २.९ वरून १.७ वर आला. साऱ्या देशाचाही २.० झाला. बिहारसारख्या काही राज्यांत तो अजून चढा आहे, पण तिथेही उतरतो आहे. सामान्य रयतेवर कोणताही सक्तीचा कायदा नसताना हे घडले. त्याच काळात मध्य प्रदेशातील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ८५ वरून ४१ वर आले. मुली शाळेत टिकू लागल्या. लग्नाचे वय पुढे गेले. जिला आपली दोन मुले जगतील अशी खात्री वाटते, ती पाच मुलांना जन्म देत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला तज्ज्ञांच्या समित्या लागू नयेत, पण १९७४ च्या बुखारेस्ट परिषदेत विकास हेच उत्तम संततिनियमन असे सांगणाऱ्या भारताच्याच सरकारने दोन वर्षांत उलट वाट धरली होती.

या घटीची दुसरी बाजूही लपवू नये. कुटुंब लहान झाले, पण मुलगाच हवा ही आस लहान झाली नाही. म्हणून महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती ती २०११ साली ८९४ वर आली. ‘छोटे कुटुंब’ ही घोषणा ज्या घरांनी प्रथम ऐकली, त्यांतील कित्येकांनी ती मुलींच्या जिवावर अमलात आणली. संख्येवरच नजर खिळवून ठेवणाऱ्या कुणालाही हा तोटा दिसणार नाही, कारण त्याच्या तक्त्यात तो नफ्याच्या बाजूला लिहिला जातो.

मग लोकसंख्येची काळजी सोडून द्यावी का? मला तसे म्हणायचे नाही. जननदर उतरला तरी आजच्या तरुणांची संख्याच एवढी मोठी आहे की त्यांना दोन-दोन मुले झाली तरी देशाची लोकसंख्या आणखी तीन-चार दशके वाढत राहील. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की २०६० च्या सुमारास ती १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागेल. या माणसांना पाणी, निवारा आणि काम लागेल. परंतु ही जन्मलेली किंवा जन्माच्या वाटेवर असलेली माणसे आहेत. त्यांच्या आईवडिलांना शिक्षा करून ती कमी होणार नाहीत. त्यांच्यासाठी तळ्याचा काठ मोकळा ठेवणे, नाल्यांचे पाणी शुद्ध करणे, ज्या जिल्ह्यातून माणसे भोपाळकडे, इंदूरकडे, पुण्याकडे धावतात तिथेच काम उपलब्ध करणे, हे आजही हातात आहे. आणि वारा आता दुसऱ्या बाजूने वाहू लागला आहे. दोन अपत्यांची अट लावणाऱ्या आंध्र प्रदेशाने २०२४ साली स्थानिक निवडणुकांसाठी ती काढून टाकली, आणि तिथले पुढारी आता लोकांना अधिक मुले होऊ द्या असे सांगत आहेत. काल ‘थांबा’ म्हणणारे आज ‘वाढवा’ म्हणतात; दोन्ही वेळा हुकूम त्याच देहाला सोडला जातो, याचे मला अतिशय दुःख होते.

आमच्या आईला सहा मुले झाली. पहिली दोन गावी असतानाच गेली, एक गोवराने आणि एक जन्मल्यावर आठवड्याभरात. धाकट्या बहिणीनंतर तिने शस्त्रक्रिया करून घेतली. आजीचा विरोध होता, वडील गप्प राहिले, आणि ती शेजारच्या एका बाईला सोबत घेऊन चालत दवाखान्यात गेली. पुढे कधीही तिने त्याचा पश्चात्ताप केला नाही. पण साठी उलटल्यावर एकदा, बहिणीच्या हातातली कुटुंबनियोजनाची पुस्तिका उलटी-सुलटी करून पाहत ती आपल्या वऱ्हाडीत एवढेच म्हणाली होती, “हे मले कोनी आधीच सांगतलं असतं तं?”

१९९१ च्या खानेसुमारीच्या वेळी थोरल्या भावाचा क्वार्टर बरखेड्यातच होता आणि आई तिथे राहत होती. शाळेचे एक तरुण गुरुजी कागदांचा गठ्ठा घेऊन आले. त्या वर्षी विवाहित स्त्रियांना दोन प्रश्न विचारायचे होते: जिवंत मुले किती, आणि एकूण जिवंत जन्मलेली किती. आईने पहिल्याचे उत्तर दिले, “चार.” दुसऱ्या प्रश्नाला ती थोडा वेळ थांबली, पदराने हात पुसले, आणि “सहा” म्हणून त्या गेलेल्या दोघांची नावे, जन्माचे महिने, आणि एकाला कोणत्या गावच्या वैद्याकडे नेले होते ते सांगू लागली. नावांसाठी त्या कागदावर रकाना नव्हता. गुरुजींनी सहाचा आकडा लिहिला, टोपण लावून लेखणी खिशात ठेवली, आणि तिचे सांगणे पुरे होईपर्यंत ते तिथेच ओट्यावर बसून राहिले.